छातीवरचा उंच वण आणि गालावरचे खड्डे : माझी तीन वर्षांची ट्रीटमेंट

माझ्या छातीच्या बरोबर मधोमध, जिथं मंगळसूत्राच्या वाट्या येतात तिथं, एक वण आहे. आज त्यावरून बोट फिरवलं तर जवळजवळ सपाट लागतो. तीन वर्षांपूर्वी तो अंगठ्याच्या पेराएवढा लांब, जांभळट, चकचकीत आणि टणक होता, आणि रात्री अडीच-तीनला त्याला अशी खाज सुटायची की मी उठून फ्रीजमधली स्टीलची वाटी काढून त्यावर धरून बसायचे. लोकांना वाटतं वण म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न. ज्याला कीलॉइड, म्हणजे असा वाढत जाणारा वण आहे त्याला विचारा, तो आधी खाजेबद्दल बोलेल, मग ठणक्याबद्दल, आणि दिसण्याबद्दल सगळ्यात शेवटी.

हे सगळं सुरू झालं एका पुटकुळीपासून. मी मूळची मिरजेची, इंजिनिअरिंगला पुण्यात आले, सेकंड इयरला होस्टेलवर असताना छातीवर एक मोठी पू झालेली पुटकुळी आली. चेहऱ्यावर मुरूम दहावीपासून होतेच त्यामुळं छातीवर आलं तर त्यात काही वेगळं वाटलं नाही, फोडली, रक्त आलं, खपली धरली, झालं. दोन महिन्यांनी तिथं मुगाएवढी गाठ हाताला लागली. वर्षभरात शेंगदाण्याएवढी. मग ती आडवी दोन्ही बाजूंना पसरायला लागली, मूळ पुटकुळी जेवढी होती तिच्या कितीतरी बाहेर. हीच कीलॉइडची खूण आहे हे मला खूप उशिरा कळलं. साधा जाड वण म्हणजे हायपरट्रॉफिक स्कार जखमेच्या हद्दीत राहतो आणि बरेचदा वर्ष-दीड वर्षात आपोआप बसत जातो. कीलॉइड हद्द सोडून चांगल्या कातडीत शिरतो आणि आपला आपण कमी होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव दिलं ते खेकड्याच्या नांगीवरून, आणि माझा वण बघितला तर ते लगेच पटतं, दोन्ही टोकांना खरंच नांग्या फुटल्या होत्या.

त्या काळात मी काय काय लावलं त्याची यादी मोठी आहे. कोरफड, हळद, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून, कांद्याच्या अर्काचं जेल. कशानेही काडीचा फरक पडला नाही. चेहऱ्याचं तर त्याहून वाईट, मेडिकलवाल्याने दिलेली एक क्रीम मी सात-आठ महिने चोपडली. सुरुवातीला चेहरा एकदम उजळला म्हणून मैत्रिणींना पण सांगितली, नंतर कळलं की त्यात स्टिरॉइड होतं. बंद केली की चेहरा लालभडक आणि मुरमांचा नुसता उद्रेक. स्टिरॉइडच्या क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत म्हणून सरकारने २०१८ मधे नियम कडक केला तरी काउंटरवर मागितली की अजून मिळतेच. कृपा करून घेऊ नका. माझ्या गालावरचे निम्मे खड्डे त्या उद्रेकातले आहेत.

आता सगळ्यात मोठी चूक. लग्न ठरलं तेव्हा ब्लाउजच्या गळ्याचा विषय निघाला. टेलर मावशी म्हणाल्या बोट नेक शिवू, काही दिसणार नाही, पण मला आयुष्यभर बोट नेकच घालायचे का असं झालं, आणि मी एका कॉस्मेटिक क्लिनिकमधे गेले. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले पंधरा मिनिटांचं काम आहे, कापून टाकू, बारीक रेघ राहील. घरात कुणाला असं आहे का, हे किती वर्षांपासून आहे, वाढतंय का, यातलं एकही विचारलं नाही. कापलं, पाच टाके घातले. लग्नात खरंच बारीक रेघ होती, फोटो छान आलेत. चौथ्या महिन्यात रेघ फुगायला लागली आणि आठव्या महिन्यापर्यंत आधीच्या दीडपट कीलॉइड तयार, वर टाक्यांच्या प्रत्येक भोकापाशी एक एक छोटा दाणा. परत गेले तर म्हणाले तुमची स्किनच तशी आहे. हो ना, माझी स्किनच तशी आहे, पण ते कापायच्या आधी बघायचं होतं. छातीवरचा कीलॉइड नुसता कापला आणि पुढं काहीच केलं नाही तर निम्म्याहून जास्त वेळा तो परत येतो आणि बरेचदा मोठा होऊन येतो, हे स्किनच्या कुठल्याही पुस्तकात असतं.

त्यानंतर मी दोन वर्षं कुणाकडेच गेले नाही. मंगळसूत्राच्या वाट्या घासून तो सतत चुरचुरायचा, मी ते ड्रेसच्या वरून घालायचे. एक दिवस सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात सोनाराकडे घेऊन गेल्या आणि त्याच मण्यांचं आखूड मंगळसूत्र करून घेतलं, वाट्या गळ्याशीच राहतील असं. म्हणाल्या, "लांब ते कपाटात ठेव, सणाला घाल, आणि आता चांगल्या डॉक्टरला दाखव, मी येते सोबत." त्यांच्यामुळं मी परत उभी राहिले हे मला इथं लिहायचंच होतं.

दुसऱ्या वेळी मी पाटी वाचून गेले, एमडी स्किन असलेल्या, वयाने मोठ्या मॅडम. त्यांनी पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. "तुमच्या घरात कुणाला असा वाढलेला वण आहे का?" मी नाही म्हणणार होते आणि एकदम आजी आठवली. आजीच्या कानाच्या वरच्या बाजूला बुगडीच्या भोकापाशी एक गोल गाठ होती, आम्ही लहानपणी ती दाबून बघायचो. लग्नात बुगडी घालायची म्हणून सतराव्या वर्षी टोचलं होतं आणि तेव्हापासून ती गाठ. आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण पण होते, गालभर बारीक खड्डे. म्हणजे एकाच बाईच्या अंगावर दोन्ही, एक वर आलेला आणि बाकीचे आत गेलेले. मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचंही तेच आहे की. छातीवर शरीराने गरजेपेक्षा जास्त कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, बनवलं, गालावर सूज आल्यावर होतं ते कोलॅजन नष्ट झालं आणि परत भरून आलं नाही. दोन्हीला तुम्ही वणच म्हणताय पण दोन्ही आजार उलटे आहेत, औषधंही उलटी."

मला वाटतं कुठल्याही ट्रीटमेंटच्या आधी हे डोक्यात पक्कं बसायला हवं. माझ्या ऑफिसमधली एक मुलगी माझा वण बसताना बघून म्हणाली की मला पण गालाच्या खड्ड्यांत तेच इंजेक्शन घ्यायचंय. अगं नको! ते इंजेक्शन कातडी पातळ करतं, खड्ड्यात दिलं तर खड्डा अजून खोल जाईल. आणि उलटं म्हणजे गालाला सुया टोचून कोलॅजन वाढवतात तेच माझ्या छातीवर केलं असतं तर आगीत तेल.

तर छातीचं. इंजेक्शनचं नाव ट्रायामसिनोलोन, हे स्टिरॉइडच आहे पण थेट वणाच्या पोटात देतात, दर ४ आठवड्यांनी. पहिलं इंजेक्शन मी विसरणार नाही. कच्च्या पेरूत सुई घालून बघा, तसं, आत औषध जायलाच जागा नाही. मॅडमनी लॉकवाली सिरिंज घेतली होती कारण साध्या सिरिंजची सुई त्या दाबाने उडून जाते. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबतायत आणि वणाचा जांभळा रंग सुईच्या टोकापासून हळूहळू पांढरा होत जातोय, ते पांढरं पसरताना मी बघत होते. दुखतं. बधिर करायची क्रीम तासभर आधी लावली होती, त्याने वरच्या कातडीला सुई कळत नाही, आतला दाब कळतोच. सासूबाईंचा हात मी इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला.

दुसऱ्या वेळेपासून मॅडमनी आधी क्रायो केलं. म्हणजे लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ डिग्रीचं, वणावर काही सेकंद फवारतात, वण गोठून बर्फासारखा पांढरा होतो, मग अर्ध्या तासात त्याला सूज येऊन तो मऊ पडतो आणि इंजेक्शन सहज जातं. याचा तोटा असा की आपल्या सावळ्या कातडीवर तिथला रंग उडू शकतो, मला आधीच सांगून सही घेतली होती. आणि खरंच वणाच्या खालच्या बाजूला पांढरट कड आलीये, अजून आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही कारण खाज तिसऱ्या सिटिंगलाच थांबली. पाच वर्षांनी पहिल्यांदा रात्रभर सलग झोपले.

चौथ्या सिटिंगनंतर प्रगती अडकली तेव्हा त्यात फाइव्ह एफयू मिसळायला सुरुवात केली. नाव गूगल केलं तर कॅन्सरचं औषध येतं आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला, पण वणात अगदी थोडं देतात, वाढणाऱ्या पेशींना आवर घालायला. मात्र प्रेग्नन्सीत हे अजिबात चालत नाही, त्यामुळं दर वेळी टेस्ट करून जायचं आणि त्या काळात मूल होऊ द्यायचं नाही हे आधी नवराबायकोने बसून ठरवायला लागतं. ट्रायामसिनोलोनने माझी पाळी दोन महिने पुढंमागं झाली, हे होतं, घाबरून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पळायच्या आधी स्किनच्या डॉक्टरला विचारा. जसजसा वण बसत गेला तसतशी ट्रायामसिनोलोनची पॉवर दर एमएलला ४० एमजीवरून २० आणि मग १० वर आणली, नाहीतर उंचवट्याच्या जागी खड्डा व्हायचा. एकूण ९ सिटिंग झाली.

सोबत सिलिकॉन शीट. ही पारदर्शक, चिकट, रबरासारखी पट्टी असते, दिवसातले किमान १२ तास तरी लावून ठेवायची, आणि दोन-तीन महिन्यांच्या आत फरकाची अपेक्षाच करायची नाही. एक शीट महाग पडते म्हणून मी वणाच्या आकाराचे तुकडे कापून घेतले. रोज सौम्य साबणाने धुवायची आणि उलट्या ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर वाळवायची, कपड्याला टेकली की दोरे चिकटून वाया जाते. एप्रिल-मे मधे घामाने खाली पुरळ आलं मग तेवढे दोन महिने सिलिकॉनचं जेल लावलं. कंटाळवाणं काम आहे पण ते नेटाने केलं.

रेडिएशनबद्दल पण बोलणं झालं होतं. कीलॉइड कापून लगेच पहिल्या एक-दोन दिवसात थोडं रेडिएशन दिलं तर परत येण्याचं प्रमाण बरंच घटतं. माझ्या बाबतीत जागा छातीची, वय कमी, खाली ब्रेस्टचा भाग, म्हणून मॅडम नको म्हणाल्या आणि मला ते पटलं. कानाच्या पाळीच्या गाठीचं मात्र वेगळं असतं, ती कापून नंतर इंजेक्शनं आणि दाब देणारी क्लिप लावून बऱ्याच लोकांची चांगली बरी होते. माझ्या मामेभावाचा खांद्यावरचा कीलॉइड मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत इंजेक्शनं देऊन बसवला, केस पेपरचे पैसे आणि रांगेत उभं राहायची तयारी, बाकी औषध तेच. पैसे नाहीत म्हणून कुणी अंगावर काढू नका.

आता गाल. इथं पहिली अट होती की नवे मुरूम थांबल्याशिवाय खड्ड्यांना हात लावायचा नाही, नाहीतर एकीकडे रस्ता खोदतायत आणि दुसरीकडे खड्डे बुजवतायत असं व्हायचं. त्यासाठी आयसोट्रेटिनॉइन २० एमजी सात महिने. ओठ फुटून सालं निघायची, नाक आतून कोरडं, दर काही आठवड्यांनी लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या टेस्ट. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. हे एक वाक्य मॅडमनी मला तीन वेळा म्हणायला लावलं.

मग त्यांनी खोलीतला दिवा घालवून एका बाजूने टॉर्च मारला आणि आरशात दाखवलं. समोरून उजेड पडला की खड्डे दिसतच नाहीत, बाजूने मारला की चेहरा म्हणजे पावसाळ्यानंतरचा रस्ता. बोटांनी गाल ताणला तर काही खड्डे गायब झाले, ते रोलिंग, म्हणजे खालून तंतूंनी कातडी ओढून धरलेली असते. काही ताणूनही तसेच, सुईने टोचल्यासारखे बारीक आणि खोल, ते आइस पिक. तिसरा प्रकार बॉक्सकार, उभ्या कडांचे, कांजिण्यांच्या वणासारखे, ते मला फक्त दोन-तीन. एकाच गालावर तिन्ही प्रकार असतात आणि प्रत्येकाला वेगळा इलाज लागतो, म्हणून एकच लेझरचं पॅकेज घ्या आणि सगळं जाईल असं जो सांगतो तिथून निघून यावं.

मला छातीवर कीलॉइड असल्यामुळं मॅडमनी गालावर लगेच काहीच केलं नाही. कानाच्या पुढं केसांच्या कडेला एक छोटा टेस्ट पॅच करून ३ महिने थांबल्या. तिथं काही वाढलं नाही तेव्हाच पुढं गेल्या, आणि जबड्याच्या कडेला शेवटपर्यंत हात लावला नाही, तिथं कीलॉइडची भीती जास्त असते.

रोलिंगसाठी सबसिजन. गाल बधिर करून कातडीखाली सुई आडवी घालतात आणि ते तंतू तोडतात. दुखत नाही, पण आवाज येतो. खरंच येतो, कर्र, कर्र, गव्हाची जुडी तोडल्यासारखा, आणि तो आपल्याच गालातून कानात जातो. त्या आवाजाने मला घाम फुटला, तर मॅडम म्हणाल्या, "हा आवाज आला की समजा काम होतंय." नंतर आठ-दहा दिवस दोन्ही गाल काळेनिळे. सोसायटीत लोक नवऱ्याकडे वाकड्या नजरेने बघायला लागले, लिफ्टमधे एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" त्यांनी विचारलं याचं मला खरंच बरं वाटलं, मी त्यांना घरी बोलावून सगळं नीट सांगितलं. अशी ३ सबसिजन झाली.

आइस पिकसाठी टीसीए क्रॉस. १०० टक्के टीसीए नावाचं ॲसिड टोकदार लाकडी काडीच्या टोकाने एकेका खड्ड्याच्या तळाशी टेकवतात. काही सेकंदात तो ठिपका मिठासारखा पांढरा होतो, चरचरतं, मग खपली धरते आणि आठवड्याने पडते. खड्डा तळातून भरत वर येतो, एका वेळी थोडाच. हे चार वेळा केलं, दीड-दीड महिन्याच्या अंतराने. दुसऱ्या वेळी मी हयगय केली. खपल्या पडल्यावर चौथ्याच दिवशी भर दुपारी स्कूटरवर स्कार्फ न बांधता कोथरूडहून हडपसरला गेले, सनस्क्रीन सकाळी एकदाच लावलेलं. महिन्यात प्रत्येक ठिपक्याच्या जागी काळा डाग. आपल्या रंगाच्या कातडीला हा धोका मोठा असतो, ते डाग जायला साडेतीन महिने गेले आणि तोवर पुढची सिटिंग थांबली. हे घरी करायचं ॲसिड पण ऑनलाइन मिळतं, ते बघितलं की मला भीती वाटते, इथं बोट जरा हललं तर नवीन वण तयार. घरी वापरायच्या डर्मारोलरबद्दल, म्हणजे बारीक सुया लावलेल्या रोलरबद्दल, पण माझं हेच मत आहे.

शेवटी मायक्रोनीडलिंग आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) ची ४ सिटिंग, बारीक सुया आत जाऊन टोकाशी उष्णता देतात. यात सांगण्यासारखं फार नाही, दोन दिवस चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल आणि फरक हळूहळू तीन-चार महिन्यांनी दिसतो. कार्बन डायऑक्साइड लेझर माझा रंग आणि कीलॉइड बघून मॅडमनी टाळला.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते, माझे छातीचे २० हजारांच्या आत झाले आणि चेहऱ्याचे ५५ च्या आसपास, तीन वर्षांत मिळून. मेडिक्लेममधे यातलं काही बसलं नाही, कॉस्मेटिक म्हणून नाकारलं. रात्रीची झोप उडवणारी खाज कॉस्मेटिक कशी होते हे मला अजून कळलेलं नाही आणि याबद्दल मला मनापासून राग आहे.

किती फरक पडला? मी दर दोन महिन्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी सकाळी आठला, त्याच जागी उभं राहून फोटो काढत गेले, कारण फोन आणि उजेड बदलला की खड्डे हवे तसे दिसतात. त्या फोटोंवरून मी म्हणेन गाल अर्ध्याहून थोडे जास्त सुधारलेत. रोलिंग खूप कमी झाले, आइस पिकमधले सगळ्यात खोल चार-पाच अजून आहेत. बाजूने उजेड पडला की दिसतात, आता मी जागा बदलून बसत नाही.

मागच्या महिन्यात जाऊबाईंची तेरा वर्षांची मुलगी बुगडीसाठी हट्ट करत होती. ती माझ्या रक्ताची नाही, आजीची ती गाठ तिच्या वाट्याला यायचं कारण नाही, तरी मी आधी तिच्या आईला विचारलं की तुमच्या माहेरी कुणाला असं वाढलेलं आहे का. तर तिच्या मामाच्या दंडावर आहे म्हणे, लसीच्या जागेवर. मग मुलीला जवळ बसवून माझा वण दाखवला, हात लावून बघ म्हटलं. तिने बोट फिरवलं आणि विचारलं, "काकू, दुखतं का अजून?" नाही म्हटलं, आता नाही दुखत. बुगडी दाबाची घ्यायची ठरलीये, न टोचता घालायची मिळते तशी.

माझ्या वणाचा डाव्या बाजूचा कोपरा, एका नांगीचं टोक, पावसाळ्यात परत थोडा गुलाबी झालाय आणि हाताला तांदळाच्या दाण्याएवढा लागतो. फोन केला तर मॅडम म्हणाल्या वाढायच्या आधी या. मंगळवारची वेळ मिळालीये, तिथं तेवढंच एक इंजेक्शन घ्यायचंय, सिलिकॉनची शीट आजपासून परत सुरू केली.